अढाई आणि अडई

जमीन मोजणाऱ्या माणसाला चांगले कान लागतात, हे मला नोकरीला लागताना कुणी सांगितलं नव्हतं. नजर लागते, पाय लागतात, उन्हात उभं राहायची सवय लागते, एवढंच ठाऊक होतं. कानांची गरज मला सिंदेवाहीला कळली, तीसुद्धा घरच्या वाडीत.

तेव्हा आमचा भाग अजून मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. कचेरीची अर्धी भाषा हिंदी, अर्धी मराठी, आणि माझ्यासोबत साखळी ओढणाऱ्या माणसांची तिसरीच. अडीचला आम्ही दिवसभर अढाई म्हणायचो. अढाई हात, अढाई साखळी, अढाई एकर. संध्याकाळी घरी आल्यावर पत्नीने भाताचं विचारलं तरी तोंडातून अढाई वाट्या निघायचं. ती म्हणायची, ती अढाई कचेरीत ठेवून या, मग पुढचं बोला.

भाड्याचं घर तलावाजवळ होतं. मागे लांबट वाडी. दोडके, काकड्या, वाल, दोन पपया आणि शेवटी एक म्हातारा मोह. मोहाच्या पलीकडे बैलगाडीचा रस्ता, मग तलावाची पाळ, मग पाणी. पत्नीने पहिल्याच पावसाळ्यात वाडी लावली आणि वाडीतल्या सगळ्या जीवांना पंगतीला बसवून टाकलं. काकडीच्या वेलावर पहिला हक्क खारींचा. पपई पिकली की पहिली बुलबुलांना. सरपणाच्या ढिगात एक धामण राहत होती. लाकूड काढायच्या आधी पत्नी ढिगावर काठीने टकटक करायची, बाहेरच्या माणसाने दार वाजवावं तशी. मुंगसाची जोडी दुपारी अंगण ओलांडून जाई, तेव्हा आम्ही पाय वर घ्यायचो. वानरांना तेवढं आमंत्रण नव्हतं, पण ती आमंत्रणाची वाट पाहणारी जात नाही.

मी हिशेबी माणूस. एकदा तिला सांगितलं की शंभरातल्या चाळीस काकड्या खारींकडे जातात.

"म्हणजे साठ आपल्याला उरतात," ती म्हणाली. "खारी समजूतदार आहेत."

खरं सांगायचं तर मलाही ते सगळं आवडायचं. कचेरीतून आलो की आम्ही दोघं पाळीवर जाऊन बसायचो. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे पक्षी साडी सावरल्यासारखे चालायचे. पाणकावळे खुंटावर पंख वाळत घालायचे. अंधार पडायच्या सुमाराला तपकिरी बदकांचा थवा शीळ घालत डोक्यावरून जाई. त्या बदकांना इथली माणसं काय म्हणतात, हे मी कधी विचारलं नाही. तिथेच सगळं चुकलं.

कुंपणाच्या एका बाजूला ढिवराचं घर होतं. तलावात मासे धरायचे आणि थोडी धानाची शेती करायची, असा त्यांचा संसार. त्या घरातल्या वयस्क मालकिणीला सगळी आळी बाई म्हणे, म्हणून आम्हीही बाई म्हणायचो. बाईंचा आवाज तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जायचा. भांडण नसलं तरी भांडणासारखा वाटायचा, आणि भांडण असलं तर गाणं ऐकल्यासारखी माणसं थांबायची.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरमालकाने बांबूचं कुंपण नवं बांधलं होतं. मोहाजवळ त्याला एक वाक आला होता आणि कुंपण आपल्या जागेत सरकलंय, असं बाईंच्या घरचे म्हणत. माझ्या कानावर ते आलं होतं आणि मनाला लागलं होतं. जो माणूस दुसऱ्यांच्या हद्दी मोजतो त्याच्याच वाडीचं कुंपण शेजाऱ्याच्या जागेत असावं, हे बरं दिसत नव्हतं.

श्रावणातली सकाळ होती. धानाची रोवणी आटोपलेली, पाऊस रिमझिम. मी वालाच्या वेलाला काठी बांधत होतो. बाईंनी कुंपणावरून डोकं काढलं.

"भाऊ, तुमच्या वाडीत आमची अडई हाये."

मी ऐकलं, अढाई. आमची अढाई. म्हणजे अढाई हात जागा. माझे कान गरम झाले.

"खरंच?"

"खोटं काऊन बोलू? तिकडं, मोहापाशी. मी सोता पाह्यली."

मोहापाशीच तो वाक होता. मी म्हणालो, असेल तर ती तुमचीच.

"मंग नेऊ म्हणता?"

"आधी मोजू द्या. जेवढी निघेल तेवढी तुमची. माझा शब्द."

"मोजाले काय लागते? आठ-दहा असन."

"आत्ता तर अढाई म्हणालात."

"अडईच म्हणतो ना मी," बाई म्हणाल्या, आणि असल्या मठ्ठ माणसाला सरकार पगार कशाचा देते, अशा नजरेने बघून घरात गेल्या.

अढाईची मागणी एका दमात आठ-दहावर गेली, याचा मला राग आला. पण शब्द दिला होता. रविवारी साखळी काढली आणि भिजत भिजत कुंपण मोजलं. जुना नकाशा लावला, फिरून मोजलं. कुंपण बरोबर होतं. उलट वाकाजवळ थोडी जागा आमचीच पलीकडे गेली होती. शेजारधर्म म्हणून तेवढं मी मनातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या खांद्यावर शिडी आणि काखेत टोपली घेऊन. टोपलीत धानाची सुकी तणीस पसरलेली. जमीन टोपलीतून न्यायचा प्रकार माझ्या नोकरीत मी पाहिला नव्हता. मी शक्य तितक्या नरमाईने सांगितलं, "बाई, मी मोजलं. अढाई निघत नाही. अर्धासुद्धा निघत नाही."

"वरतं न चढता मोजली कशी?"

"वर कुठे चढायचं?"

बाईंनी मोहाकडे बोट केलं. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर जाड फांदी मोडून पडलेली होती आणि तिथे ढोली झाली होती. तेवढ्यात माझी पत्नी हात पुसत मागच्या दारातून आली. तिने शिडी पाहिली, टोपली पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलो नाही.

"अहो, तुम्ही अडई देऊन टाकली?"

"अढाई हात," मी म्हणालो. "आणि तीही निघाली नाही."

मग मला कळलं. अडई म्हणजे ते शीळ घालणारं बदक. तपकिरी, लांब मानेचं, संध्याकाळी आमच्या डोक्यावरून जाणारं. ते झाडाच्या ढोलीत अंडी घालतं, आणि बाईंचे आठ-दहा म्हणजे ती अंडी. आमच्या मोहाच्या ढोलीत अडईची जोडी बसली होती आणि पत्नीला ते नागपंचमीपासून ठाऊक होतं. मला काऊन नाही सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही शिडी लावून अंडी मोजली असती." आणि मी खरंच मोजली असती.

ती शिडीच्या आणि झाडाच्या मध्ये उभी राहिली. तिने बाईंना सांगितलं की अंडी मिळणार नाहीत. घरट्यावर आलेला जीव आपल्या घरचा असतो. बाई म्हणाल्या, तलावातली अडई ढिवराची. ती रात्री निजाले कुणाच्याही झाडावर जावो. माझी गाय तुमच्या अंगणात बसली तर दूध तुम्ही काढसान काय? आणि भाऊंनी शब्द देल्ला, तो वेगळाच.

इथपर्यंत ते नेहमीसारखं भांडण होतं आणि दोघी मजेत होत्या. मग बाईंनी टोपली खाली ठेवली आणि आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"पोरगी आली माह्यी. पहिल्याची होय. काईच पोटात राहत नाई तिच्या. अडईचं अंडं मागते. तेच मागते."

पहिलटकरीण मुलगी माहेरी आलेली आम्ही पाहिली होती. दाराशी भिंतीला टेकून बसायची. चेहरा सुकलेला, हात काटकुळे. पत्नीने तिथल्या तिथे कोंबडीची अंडी देऊ केली. बाई म्हणाल्या की देऊन झाली, वास येताच तिने तोंड फिरवलं. आणि डोहाळा राहिला तर काय होते, तुमाले माहीत नाई का? लेकराचा कान फुटते.

पत्नी झाडापासून एक पाऊल बाजूला झाली. डोहाळ्यापुढे कुठल्याही बाईचा हट्ट ढिला पडतो. एका बाजूला ढोलीत ऊब धरून बसलेली अडई, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकलेली पोर आणि तिच्या पोटातल्या बाळाचा कान. मध्ये मी आणि माझा शब्द. मी आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मोडलेला नाही. याचं कारण मोठेपणा नाही. मोडल्यावर मला झोप येत नाही, एवढंच आहे.

अखेर मला जे सुचलं ते मोजणी खात्यातल्या माणसालाच सुचू शकतं. मी म्हणालो, "मी शब्द दिला तो अढाईचा. तुम्ही काय म्हणालात ते वेगळं, मी कबूल काय केलं ते वेगळं. तेव्हा अंडी अढाई."

बाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं त्या चिडल्या. त्या हसत होत्या.

"अन् अर्धं अंडं कसं नेतेत भाऊ?"

तो खरोखरच अडचणीचा मुद्दा होता. दोन दिली तर माझा शब्द कमी भरत होता. तीन दिली तर कबुलीपेक्षा जास्त जात होतं, आणि पत्नी जास्तीला तयार नव्हती. बाई म्हणाल्या, विचार करून सांगा. शिडी त्यांनी आमच्याच भिंतीला लावून ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी कुंपणावर बैठक बसू लागली. बाई म्हणत, तिसरं अंडं उकडून अर्धं परत आणून देतो. पत्नी विचारायची, उकडलेलं अर्धं अडईने कसं उबवायचं? दुसऱ्या दिवशी बाई दोनवर तयार झाल्या. मीही मान हलवली. तर पत्नीनेच हरकत काढली की डोहाळ्याला दोन चालत नाही, आमच्या वर्धेकडे विषम लागतं. बाई विचारात पडल्या. एकदा एकावर जुळत आलं, तेव्हा पत्नी म्हणाली, एकटं अंडं देणं अपशकुनाचं. मी चकित होऊन ऐकत होतो. वर्धेकडचा मीही आहे. असलं काही मी ऐकलेलं नव्हतं.

दरम्यान कुंपणावरून रोज एक वाडगं पलीकडे जात होतं. कधी अंबाडीची भाजी, कधी काकडीची कोशिंबीर. एकदा जंगलातून आलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पत्नीने बारीक चिरून आंबट करून पाठवले. ते वाडगं रिकामं परत आलं. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतः वाडगं घेऊन कुंपणापर्यंत आली आणि विचारलं, "वहिनी, वास्ते आनखी हायेत काय?" पण त्याच दमात तिने मोहाकडे बघून अंड्यांचंही विचारलं. त्यामुळे प्रश्न मिटला असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

मीही आता ढोलीकडे बघायला लागलो होतो. एक अडई आत जाई, दुसरी बाहेर येऊन तलावावर जाई. नर कोणता, मादी कोणती ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. दोघंही पाळीपाळीने बसत. आमच्या कचेरीत कामाची एवढी सरळ वाटणी मी कधी पाहिली नव्हती. मांजर मोहाकडे फिरकू नये म्हणून पत्नीने बुंध्याभोवती बाभळीचे काटे बांधले होते आणि ते बांधण्याचं काम मी केलं होतं.

पोळ्याच्या सकाळी बाईंचा धीर संपला. त्या म्हणाल्या, दोन द्या, अर्धं माफ, बात खतम. मी हो म्हणालो. आता पत्नीला बोलायला जागा नव्हती. ती म्हणाली, सणाच्या दिवशी कुणी घरट्यात हात घालत नाही. उद्या पोरांचा तान्हा पोळा. परवा या.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, विषमाचं आणि अपशकुनाचं तू कुठून आणलंस?

"कोंबडी किती दिवस बसते?" तिने उलट विचारलं.

"तीन आठवडे."

"बदक थोडं जास्त बसत असेल," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आणि बाई अंड्यांवरून घासाघीस करत होतो, आणि ही एकटी दिवस काढत होती. नागपंचमीपासून धरून मी मनातल्या मनात हिशेब केला. तो जवळपास जुळत होता. पण जवळपासच. परवा बाई आल्या आणि अंडी तशीच असली तर दोन द्यावी लागणार होती. तिने ते मान्य केलं. म्हणाली, मग मी स्वतः काढून देईन. पोरीच्या तोंडाकडे मलाही बघवत नाही.

ठरल्या सकाळी बाई आल्या, सोबत मुलगी. शिडी झाडाला लागली. मी काटे सोडले. पत्नी पदर खोचून पहिल्या पायरीवर चढली तोच ढोलीतून एक अडई निघाली आणि उडून न जाता खाली गवतात उतरली. मान लांब करून तिने हलकी शीळ घातली. ढोलीच्या तोंडाशी काहीतरी काळं-पांढरं हललं. मग ते पडलं. कापसाचं बोंड पडावं तसं, आवाज न करता, आणि गवतात चेंडूसारखं उसळून पायांवर उभं राहिलं.

"अगं माय," बाई म्हणाल्या.

मग दुसरं, तिसरं. एक जण कडेवर येऊन बराच वेळ विचार करत बसला, मागच्याने ढकलला तेव्हा आला. पिल्लं नऊ होती की दहा, यावर माझं आणि पत्नीचं अजून एकमत नाही. पिल्लं मोजेपर्यंत थांबत नव्हती.

मोठी अडई कुंपणाच्या फटीतून रस्त्यावर आणि तिच्यामागे सगळी ओळ. दुसरी अडई वरून फिरत शीळ घालत होती. आम्ही चौघं वळसा घालून धावलो. मुलगी धावत नव्हती, पण मागेही राहत नव्हती. रस्त्यावर आळीतली दोन कुत्री उठून उभी राहिली होती. पाळीखाली पाण्याच्या काठाने ढिवरांची जाळी वाळत पसरलेली होती, आणि पिल्लं नेमकी तिकडेच चालली होती. पाळीवर बसून विड्या ओढणारे तीन-चार जण उठले. त्यातल्या एकाने हातात टोपलं घेतलं, ते कशासाठी हे सांगायला नको.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हक्क होता. माझा शब्द अजून फिटलेला नव्हता, आणि पिल्लाला अंड्यापेक्षा जास्त मांस असतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीचे दोन्ही हात कमरेवर होते, श्वास लागला होता, आणि ती हसत होती. ती आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बाईंनी रस्त्यावरचं ढेकूळ उचलून कुत्र्यांकडे भिरकावलं. मग त्यांचा तो आवाज सुटला.

"ए, जाळं उचला रे! टोपलं ठेव खाली. माह्या वाट्याची हायेत यातली. भाऊंनी देल्ली मले. कोणाची कोणती ते अजून वाटून नाई झालं, हात लावसान तर पाहाच."

वाटणी न झालेल्या मालाला कुणीच हात लावत नाही, हे आमच्या खात्यातलं पहिलं तत्त्व. ते ढिवरांनाही पटलं, किंवा बाईंचा आवाज पटला. दोघांनी जाळं दोन टोकांनी धरून कंबरेपर्यंत उचललं आणि खालून ती सगळी ओळ, माना वर करून, पाण्यात गेली. एक पिल्लू मागे जाळ्याच्या कडेला अडकलं होतं. बाईंनीच ते सोडवलं. तळहातावर धरून त्याच्याकडे बघितलं, मुलीला दाखवलं आणि पाण्यात सोडलं.

नंतर बाई पाळीवर बसल्या आणि कपाळाला हात लावला. अंडं तर गेलं. आता पोरीला काय द्यायचं?

मुलगी म्हणाली, "वास्ते. पण वहिनीच्या हातचे."

पत्नी घराकडे निघालीच होती. मी विळी काढून ठेवावी असं तिने मला मागे वळून सांगितलं.

वाटणी पुढे कधी झालीच नाही. पिल्लं उडायला लागेपर्यंत त्या काठाला कुणी जाळं पसरलं नाही, कारण बाईंचा वाटा कोणता हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. मी कुंपणावरून एकदा विषय काढून बघितला, माझा शब्द फेडायचा राहिला म्हणून. बाई म्हणाल्या, राहू द्या भाऊ, तुम्ही फेडाले बसले का आमचं स्वयंपाकपाणी राहून जाते.

दसऱ्याच्या आसपास मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. बाईंचा संशय मात्र गेला नाही. रोज सकाळी त्या नातीला कुंपणाशी आणायच्या, उजेडाकडे धरून आधी उजवा कान, मग डावा कान बघायच्या, आणि मग माझ्या पत्नीला बघायला लावायच्या. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. तोपर्यंत दोन्ही कान कोरडे होते. त्यानंतरचं मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.